मदत हवी आहे: गुडघ्याखालचा कृत्रिम पाय, उतारासाठी घोटा कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

बाबांचं वय ६४. अपघातानंतर उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. गुडघा शाबूत आहे, सॉकेटचाही (उरलेला पाय बसतो त्या खोबणीचा) त्रास नाही. सध्या सॅच फूट वापरतात. त्याच्या घोट्याला सांधाच नसतो, टाचेतला मऊ फोम दबतो तेवढंच.

सपाटीला छान चालतात. पण आमचं घर रत्नागिरीकडचं: रस्ता वर, आगर खाली, मधे जांभ्याची पाखाडी आणि पुढे नुसता उतार. उतरताना टाच टेकली की पंजा खाली जात नाही, मग अख्खी नडगीच पुढे ढकलली जाते आणि गुडघा एकदम दुमडतो. त्यामुळे आडवे होऊन उतरतात. चढताना नेमकं उलट, गुडघा मागे रेटला जातो.

प्रोस्थेटिस्टने (कृत्रिम पाय बसवणाऱ्याने) दोन पर्याय दिलेत. एक कार्बन फायबरचा पंजा: वजन पडलं की वाकतो आणि पाऊल उचलताना थोडा जोर परत देतो. दुसरा हायड्रॉलिक घोटा, जो तेलाच्या दाबावर सावकाश काही अंश वरखाली होतो. मोटरवाला, पोटरीसारखा खरोखर ढकलणारा घोटाही असतो, पण किंमत ऐकून आम्ही तो विषय तिथेच सोडला. नातेवाईक मात्र जयपूर फूटवर अडून बसलेत!

कोणी उतारावर वापरून पाहिलंय का? घरात बाबा अनवाणीच असतात, जेवायला मांडी घालून बसतात, आणि पावसाळा कोकणातला.

प्रतिसाद:

दादा, माझाही डावा पाय गुडघ्याखालून नाही. नातेवाइकांचं अगदीच उडवून लावू नका. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला तो आपल्या राहणीसाठीच: अनवाणी, चिखलात, मांडी घालून, उकिडवं. रबरी असल्याने सगळ्या बाजूंनी लवतो, खडबडीत जमिनीवर बरा पडतो. मला जड वाटला, आणि कार्बनसारखी उसळी त्यात नाही.

हायड्रॉलिकची खरी मजा उतारावरच. टाच टेकताच पंजा खाली येतो, गुडघ्याचा झटका कमी होतो. मात्र तेल जोर गिळतं, त्यामुळे पाऊल उचलताना पाय मेल्यासारखा वाटू शकतो. वजन वाढतं, सर्व्हिसिंग लागतं, पाणी चालेल की नाही ते मॉडेलवर. घेण्याआधी ट्रायल मागा, आणि ती दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर नको, रॅम्पवर.

पण पैसे घालण्याआधी टाचेची उंची बघा. अलाइनमेंट, म्हणजे सॉकेट आणि पावलाचा कोन जुळवणं, बुटावर केलेलं असेल आणि माणूस अनवाणी चालला, तर नडगी मागे कलते, गुडघा मागे रेटला जातो. उंच टाचेची चप्पल घातली की गुडघा पुढे ढकलला जातो, उतारावर तर जास्तच. सॅचची टाच कडक असली तरी गुडघा असाच दुमडतो, आणि मऊ टाच बसवणं खूप स्वस्तात होतं.

बाबा पाखाडीवर काय घालतात, बूट की चप्पल? आणि अलाइनमेंट कशावर केलं होतं?