भातखंड्यांची क्रमिक पुस्तकमालिका : कोणता भाग घेऊ?

मंद्रनिषाद :
दहा आश्रयराग (ज्यांच्यावरून थाटांना, म्हणजे रागांच्या गटांना, नावं पडली) झालेत. आता पं. विष्णु नारायण भातखंड्यांच्या स्वतःच्या रचना त्यांच्या या सहा भागांच्या बंदिशींच्या पुस्तकांतल्या नोटेशनवरून (स्वरलिपीवरून) बसवायच्या आहेत. बजेट ५०० रुपये, म्हणजे एकच भाग. कोणता?

तिलवाडा१६ :
सहाही घ्या. सुटे भाग घेण्यात अर्थ नाही. आमचा संच कापडी बाइंडिंगचा आहे.

खर्जवाला :
अहो, ५०० म्हणाल्यात त्या! ताई, तिसरा घ्या. भूप, हमीर, केदार, बिहाग, बागेश्री, मालकंस वगैरे १५ राग. दुसऱ्यात तेच दहा आश्रयराग, ते तुमचे झालेत. लक्षणगीतं (रागाची लक्षणं सांगणारी गाणी) आधी काढा. थाट, वादी-संवादी (रागातला मुख्य आणि दुय्यम स्वर), वर्ज्य स्वर सगळं शब्दांतच असतं. 'चतुर' ही मुद्रा (रचनेतलं टोपणनाव) दिसली की रचना त्यांची. 'हररंग'सुद्धा त्यांचीच.

कोमलरेघ :
+१ तिसरा. पण झेरॉक्स नको! कोमल स्वराखालची आडवी रेघ उडते आणि बागेश्रीचे ग-नी शुद्ध होऊन बसतात. आरोह-अवरोह पाहून पेन्सिलीने रेघा भरा. तीव्र मध्यमाची डोक्यावरची उभी रेघही तपासा.

गांधर्व_परीक्षार्थी :
विष्णु दिगंबर पलुसकरांची नोटेशन पद्धत जास्त काटेकोर. मात्रेचे भाग चिन्हांनी दाखवतात.

खर्जवाला :
विषय काय, चाललंय काय! आणि दोन्ही मिसळू नका. स्वरावरचं टिंब पलुसकरांकडे मंद्र (खालचं सप्तक), भातखंड्यांकडे तार (वरचं सप्तक). तिथे समेला (तालाची पहिली मात्रा) १, खालीला (जिथे टाळी देत नाहीत ती मात्रा) +. इथे समेला ×, खालीला ०.

तिलवाडा१६ :
म्हणूनच म्हटलं, सहाही घ्या.

नववी_मात्रा :
हमखास चूक सांगतो. त्रितालातल्या पुष्कळ छोट्या ख्यालांची ओळ पानावर ० पासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून सुरू होते. पहिला रकाना सम धरलात की बंदिश आठ मात्रा सरकली. टाळी-खाली देत आधी नुसते स्वर म्हणा, मग शब्द. ज्या स्वरांखाली चंद्रकोर, ते एकाच मात्रेत. कंसातला (प) म्हणजे धपमप, तोही एका मात्रेत. विलंबित (संथ लयीच्या) ख्यालाचा मात्र सांगाडाच मिळतो, भरणा गुरूकडून.

कोमलरेघ :
चौथा तर मुळीच नको. दरबारी रागाचा आंदोलित (हळू झुलणारा) गंधार रेघा-टिंबांत मावत नाही. आणि झेरॉक्स नकोच.

मंद्रनिषाद :
सगळ्यांचे आभार. चौथाच मागवला. दरबारी आणि मियाँमल्हार त्यातच आहेत. गंधाराचं गुरुजींना विचारीन.

तिलवाडा१६ :
पाचवा-सहावा कधी घेताय?