सल्ला हवा: शेपर्ड फेअरीची नंबरवाली प्रिंट, गावभागातलं घर आणि ३८ हजार रुपये

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका गृहस्थांकडे शेपर्ड फेअरीची एक स्क्रीनप्रिंट (जाळीतून एकेक रंग दाबून काढलेलं छापील चित्र) विकायला आहे. १८ बाय २४ इंच, खाली उजवीकडे पेन्सिलने सही, डावीकडे २१२/४५०. फ्रेमसकट ३८ हजार म्हणतात. मुलगा अमेरिकेत होता तेव्हा त्याने घेतलेली. बिल मागितलं तर "सही आहे ना, मग बिल कशाला?"

ज्यांना नाव माहीत नाही त्यांच्यासाठी: २००८ मधलं ओबामांचं लाल-निळं 'होप' पोस्टर याचंच. त्याच्या कितीतरी आधी, १९८९ मध्ये, कॉलेजात असताना हा गडी आंद्रे द जायंट या पैलवानाच्या तोंडाचे स्टिकर छापून गावभर चिकटवत सुटला होता. आमचे आजोबा तालमीतले, त्यामुळे पैलवानाचं तोंड भिंतीवर लावणारा माणूस मला ऐकूनच आवडला. पुढे गॅलरी, म्युझियम सगळं झालं. २००९ साली बोस्टनच्या म्युझियममध्ये त्याचं मोठं प्रदर्शन होतं, आणि त्याच्याच उद्घाटनाला निघालेला असताना पोलिसांनी त्याला ग्राफिटीच्या जुन्या वॉरंटवर धरलं!

तर विचारायचं असं की ही खरी आहे हे कसं ओळखायचं, आणि आमच्या घरात ती टिकेल का? घर सांगलीच्या गावभागात. २०१९ च्या महापुराची रेघ जिन्याच्या भिंतीवर अजून दिसते, रंग दोनदा मारला तरी. सासूबाई म्हणतात, "एवढ्या पैशात वळं होईल." चुकीचं नाहीये म्हणा.

तंबोऱ्याचा भोपळा
मिरजेत या, कुठला भोपळा वाजेल आणि कुठला नाही ते टिचकी मारून सांगणारी माणसं आहेत. कागदाला टिचकी मारणारं कोणी माहीत नाही. वाचतोय.

भिंगवाला
ताई, मी कोल्हापूरचा, वीस वर्षं स्क्रीनप्रिंटिंग करतोय. बहुतेक लग्नपत्रिका आणि पिशव्या, पण मधूनमधून चित्रकारांचंही काम येतं. तेवढ्या अधिकारावर लिहितो.

आधी २१२ या आकड्याचा धाक काढून टाका. ४५० प्रती काढल्या त्यातली ही एक, एवढाच अर्थ. लोकांना वाटतं ५/४५० म्हणजे भारी आणि ४३०/४५० म्हणजे गाळ. तांब्याच्या पत्र्यावर सुईने कोरून छापलं तर पत्रा झिजतो, तिथे आधीची प्रत खरंच उठावदार येते. स्क्रीनमध्ये तसं काही नाही. शिवाय एकेक रंग मारून प्रती रॅकवर वाळत घालतो, उचलताना खालची वर, वरची खाली. नंबर शेवटी बसून घातले जातात. माझी पहिली प्रत ३०० वा नंबर घेऊन गेलेली आहे.

आता खरं-खोटं. सराफाकडे असतं तसं दहापटीचं भिंग घ्या आणि सपाट रंगाची जागा बघा. ऑफसेटवर छापलं असेल तर निळे-गुलाबी-पिवळे-काळे बारीक ठिपके फुलासारखे गोल जमलेले दिसतील. स्क्रीनप्रिंटमध्ये रंग साईसारखा एकसंध बसलेला असतो. टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवी धरा, दोन रंग एकमेकांवर आलेत तिथे किंचित पायरी दिसते, नखाला कळेल न कळेल इतकी. (नख लावू नका!) एक सावधगिरी: फेअरीच्या डिझाइनमध्येच ठिपके असतात. ते मोठे आणि एकाच रंगाचे. त्यांना बघून घाबरू नका.

आणि हो, हा माणूस २४ बाय ३६ ची मोठी ऑफसेट पोस्टरंही सही करून विकतो. त्यावर नंबर नसतो, कितीही छापतात. सही खरी, पण वस्तू वेगळी. तुमच्या प्रिंटला नंबर आहे आणि माप १८ बाय २४ सांगितलंय, तेव्हा ते चोख तेवढंच यायला हवं. फ्रेम उघडून टेप लावा.

औंधकरीण
कृष्णाकाठची, घेण्याआधी एकदा औंधला जाऊन ये. सातारा जिल्ह्यातच आहे, जवळच म्हण ना. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली भवानी संग्रहालय उभं केलं, तिथे रविवर्म्याची खरी तैलचित्रं आहेत आणि हेन्री मूरचं एक छोटं शिल्पसुद्धा. टेकडीवर, देवीच्या वाटेवर, हेन्री मूर!

हे सांगते कारण आमच्या देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी होती, आजीच्या लग्नातली. लहानपणी मला वाटायचं की ते चित्र जगात एकच आहे. मग कळलं की रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखानाच काढला होता, पुढे तो मळवलीला हलवला. घरोघरी तीच लक्ष्मी. मोजून ४५० काढायच्या आणि थांबायचं, हा त्याच्या बरोबर उलटा उद्योग. दोन्ही छापीलच. मला विचारशील तर आजीच्या लक्ष्मीला मी जास्त किंमत देईन, पण ती विकत कोण घेणार?

हिशेबनीस
बिलाबद्दल. "सही आहे मग बिल कशाला" म्हणणाऱ्याला माझ्याकडून नमस्कार सांगा. उद्या तुम्हाला विकायची झाली तर पुढचा माणूस हाच प्रश्न तुम्हाला विचारेल. मुलाने ऑनलाइन घेतली असेल तर ऑर्डरचा ईमेल कुठेतरी असणारच, तो फॉरवर्ड करायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

बाहेरून मागवणार असाल तर एक बारकावा. कस्टम टॅरिफच्या ९७ व्या प्रकरणात 'मूळ प्रिंट' कशाला म्हणायचं ते दिलेलं आहे: कलाकाराने पूर्णपणे स्वतःच्या हाताने केलेल्या प्लेटवरून थेट काढलेला छाप. यांत्रिक किंवा फोटोमेकॅनिकल पद्धत चालत नाही. म्हणजे संगणकावरून इंकजेटने काढलेली प्रिंट कितीही महाग असो, नंबर-सही असो, त्या व्याख्येत बसत नाही. मागवण्याआधी कस्टम एजंटला विचारा, पार्सल अडकल्यावर नको.

तंबोऱ्याचा भोपळा
खरेपणावरून आठवलं, बँक्सी या भिंतींवर चित्रं काढणाऱ्या इंग्रज कलाकाराच्या प्रिंटचं प्रमाणपत्र कसं असतं माहितीय का? पेस्ट कंट्रोल नावाची त्याचीच संस्था देते. त्यावर डायनाचं तोंड छापलेल्या खोट्या दहा पौंडांच्या नोटेचा अर्धा तुकडा टाचलेला असतो, दुसरा अर्धा त्यांच्याकडे. तुकडे जुळले तर माल खरा. आपल्याकडे हवाल्यात फाटकी नोट जुळवतात म्हणे, तसंच!

पट्टीवाले काका
मी साताऱ्यात फ्रेमा करतो. देव, लग्नं, शाळेची सर्टिफिकिटं. दुकान वडिलांचं. मुलीने हा धागा वाचून दाखवला, उत्तर तीच टाईप करते आहे.

बाई, चित्र खरं असो खोटं असो, मागून कसं लावलंय ते आधी बघा. आमच्या धंद्यात सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे हार्डबोर्डला डिंक फासायचा आणि कागद दाबून टाकायचा. फोटो कसा छान ताणलेला दिसतो. गिऱ्हाईकही खूश. मी स्वतः पंचवीस वर्षं असंच केलं, कोणी काही बोललं नाही. मग एक चित्रकार आले, त्यांनी मला समोर बसवून शिकवलं. वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी, पातळ जपानी कागदाच्या बिजागऱ्या, गव्हाच्या खळीने लावायच्या. चित्र लोंबतं राहिलं पाहिजे. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आवळतो. त्याला हलायला जागा नसेल तर लाटा येतात, नाहीतर फाटतो.

काच चित्राला टेकवायची नाही. मधे माउंटची जाड चौकट पाहिजे, तीही आम्लरहित बोर्डाची, साध्या पुठ्ठ्याने कडा पिवळ्या पडतात. मागे प्लायवूड नको. भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळते. ओल, कसर, बुरशी, सगळं त्या मागच्या अंधारातून येतं. ऊन पडतं त्या भिंतीवर लावूच नका. आणि सांगलीत तळमजल्यावर तर बिलकूल नाही. ते तुम्हाला मी काय सांगू.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार. पट्टीवाले काका, तुमच्या मुलीलाही. वरच्या मजल्यावर उत्तरेची भिंत आहे, ऊन येत नाही, तिथे खिळा ठोकून झाला.

रविवारी पुण्याला गेले होते. भावाने सराफाकडून भिंग मागून आणलं होतं. ठिपके-फुलं नाहीत, रंग एकसंध, टॉर्च आडवी धरल्यावर लालच्या कडेला ती पायरी दिसली. मी खरंच ओरडले. ईमेलही सापडला, मुलाने तिथल्या तिथे फॉरवर्ड केला.

मग टेप लावली. रुंदी १७ आणि वर एक सूत. उंची २३ ला थोडी कमी. डावीकडची कोरी पट्टी उजवीपेक्षा बोटभर अरुंद. २१२ मधला पहिला २ अगदी कडेला टेकलेला.

भिंगवाला
कापलंय.

प्रिंट अस्सल आहे, ताई, पण कडा छाटलेल्या आहेत. तयार फ्रेम स्वस्त मिळाली असेल आणि त्यात बसवायला कटर फिरवला असेल. ३८ हजार विसरा. संग्राहकाच्या लेखी छाटलेली प्रिंट म्हणजे जखमी माल, कोरी पट्टी हाही चित्राचाच भाग धरतात. मागून बघितलंत का?

कृष्णाकाठची
बघितलं. काका म्हणाले तेच. हार्डबोर्डला पूर्ण चिकटवलेली. एका कोपऱ्यात हवेचा बुडबुडा, रुपयाएवढा.

गृहस्थ म्हणाले, "चित्र तर पूर्ण दिसतंय ना? कोऱ्या कागदाचे पैसे कोण देतं?" शेवटी २० वर आले.

पट्टीवाले काका
सोडवता येईल असं कोणी म्हणालं तर हो म्हणू नका. वाफ देऊन ओढायला जातात आणि रंगाचा पापुद्रा निघतो. कागदाचं काम जाणणारे संवर्धक असतात, पण त्यांची मजुरी तुमच्या वीस हजारांच्या जवळ जाईल.

औंधकरीण
नुसती बघायला घेणार असशील तर दहाला माग. दे म्हणतील बघ, उघडून मापलेली वस्तू घरात ठेवायला त्यांनाही आता नको वाटेल.

कृष्णाकाठची
नाही घेतली. दहाला देत होते, औंधकरीण, तुझा अंदाज बरोबर निघाला. पण एकदा तो कडेला टेकलेला २ बघितल्यावर माझी नजर रोज तिथेच गेली असती.

आता फेअरीच्या स्वतःच्या साइटवर नवीन प्रिंट कधी येते ते बघत बसलेय. हिशेबनीस, पार्सलचं विचारायला तुम्हाला खाजगी निरोप पाठवते. काका, आली की आधी साताऱ्याला तुमच्याकडे घेऊन येईन, गुंडाळलेलीच. उत्तरेच्या भिंतीवरच्या खिळ्याला सासूबाईंनी सध्या कॅलेंडर अडकवलंय.