बारावीनंतर जर्मनी: श्टुडिएनकोलेग की इथले प्रथम वर्ष?

कृष्णाकाठ
नमस्कार. माझी मुलगी साताऱ्यात राज्य मंडळाच्या बारावी विज्ञान शाखेत आहे आणि तिला जर्मनीत यंत्र अभियांत्रिकी शिकायची आहे. आपली बारावी तिथल्या आबिटुअरच्या, म्हणजे शालेय शिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेच्या, बरोबरीची धरत नाहीत, म्हणून आधी श्टुडिएनकोलेग हा एका वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करावा लागतो, असे कळले. एका सल्लागाराने मात्र सरकारी श्टुडिएनकोलेगमध्ये वर्ष फुकट जाते असे सांगून खासगी अभ्यासक्रमासाठी आगाऊ रक्कम मागितली. तिचा जर्मनचा ए-२ स्तर झाला आहे (स्तर ए-१ पासून सी-२ पर्यंत चढत जातात). वर्ष खरेच वाया जाते का? दुसरा मार्ग आहे का?

टी_कोर्सवाला
ताई, मी हे वर्ष केले आहे आणि ते वाया गेले असे मला एकदाही वाटले नाही. अभियांत्रिकीसाठी टी-कोर्स असतो. त्यात गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि मुख्य म्हणजे जर्मन, आठवड्याला साधारण तीस तास. यातले बरेचसे गणित आपल्या बारावीत होऊन गेलेले असते. अडते ते भाषेवर. पहिल्याच चाचणीत मी ‘होख्स्टन्स’ म्हणजे ‘जास्तीत जास्त’ हा शब्द ‘किमान’ असा वाचला आणि बरोबर येत असलेले अख्खे उदाहरण घालवले. तिथे १.५०० असे लिहिले तर ते दीड हजार असतात, दीड नव्हे, कारण दशांशासाठी ते स्वल्पविराम वापरतात. या सवयी विद्यापीठाच्या पहिल्या सत्रात लावून घ्यायला कोणी वेळ देत नाही.

बहुतेक सरकारी श्टुडिएनकोलेगमध्ये शिक्षणशुल्क नसते, फक्त सत्राची वर्गणी भरावी लागते. मात्र प्रवेशपरीक्षा असते आणि जागा थोड्या असतात. आगाऊ रक्कम कृपया देऊ नका.

जर्मन_शिक्षिका_पुणे
वरील अनुभवाशी मी पूर्ण सहमत आहे. दुसऱ्या मार्गाबद्दल सांगायचे, तर इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच विषयाचे प्रथम वर्ष यशस्वीपणे पूर्ण केले, किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण झाली, तर श्टुडिएनकोलेगशिवाय थेट अर्ज करता येतो. पण जर्मन माध्यमासाठी सहसा सी-१ च्या जवळपासची भाषा लागते आणि अभियांत्रिकीचे प्रथम वर्ष सांभाळून तिथवर पोहोचणारे विद्यार्थी मी फार थोडे पाहिले आहेत. श्टुडिएनकोलेगसाठी बी-१ किंवा बी-२ पुरते.

ए-२ वर प्रवेशपरीक्षेला बसवू नका. तिच्यात बहुधा सी-टेस्ट असते, म्हणजे उताऱ्यातल्या दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध गाळलेला असतो आणि तो भरायचा असतो. विभक्तिप्रत्यय पक्के नसतील तर अर्थ समजूनही गुण जातात.

कृष्णाकाठ
दोघांचे मनापासून आभार. शेवटच्या परीक्षेत ती नापास झाली तर? आणि पैशांची तजवीज किती करावी?

टी_कोर्सवाला
अंतिम परीक्षा, म्हणजे फेस्टश्टेलुंग्सप्रूफुंग, सहसा एकदाच पुन्हा देता येते. टी-कोर्सच्या निकालावर तांत्रिक आणि विज्ञान शाखांतच प्रवेश मिळतो, त्यामुळे शाखा बदलण्याचा विचार असेल तर तो आत्ताच करा. व्हिसासाठीच्या गोठवलेल्या खात्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात. तो तिचाच राहण्या-जेवणाचा खर्च असतो आणि महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने तिला परत मिळतो. एपीएस प्रमाणपत्राला, म्हणजे इथल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीच्या दाखल्याला, वेळ लागतो, म्हणून निकाल हाती येताच त्याचा अर्ज करा. तोवर बी-१ चा वर्ग सुरू असू द्या.