कामांची यादी मोबाईलमध्ये, जळमटं छताला तशीच!

कृष्णाकाठची_सून:
नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, टू बीएचके, सासूबाई धरून घरात पाच माणसं. मोठ्या हौसेनं मोबाईलमध्ये साफसफाईची टू-डू लिस्ट केली, रोजची वेगळी, आठवड्याची वेगळी, महिन्याची वेगळी, मोजली तर ४३ कामं. पहिले तीन दिवस टिक मारताना लय भारी वाटलं, आता रोज सकाळी नोटिफिकेशन येतं १९ कामं बाकी आणि मी न वाचताच ढकलून देते. काल "किचन साफ करणे" घेतलं, ओटा झाला, शेगडी घासली, डबे काढून खालचे पेपर बदलले, दोन तास गेले आणि चिमणीला हातच लागला नाही, मग टिक मारायची का नाही?? सासूबाई म्हणतात आम्ही कुठं याद्या केल्या होत्या. घट बसायला तीन आठवडे राहिलेत, कुणाची लिस्ट खरंच चालते का?

भडंग_प्रेमी:
"किचन साफ करणे" वाचूनच मला धाप लागली ओ. एका दमात संपेल एवढंच लिहा. "चिमणीची जाळी भिजत घालणे", बास, घासायचं दुसऱ्या दिवशी. आणि जाळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा अजिबात नको, काळी पडते (अनुभव आहे, बायको अजून काढते तो विषय), गरम पाणी आणि भांड्याचं लिक्विड पुरतं. पंख्याला उशीची जुनी खोळ घ्या, पात्यावर चढवायची आणि दाबून ओढायची, धूळ खोळीतच राहते, खाली गादीवर पडत नाही.

मिरजेची_काकू:
अगं तुझ्या सासूबाईंची पण यादी होतीच की, डोक्यात होती एवढंच. उन्हाळ्यात धान्याला ऊन, नवरात्राआधी अंथरूण-पांघरूण, दिवाळीआधी माळा. पण डोक्यातली यादी दुसऱ्या कुणाला दिसत नाही त्यामुळं सगळं त्यांनीच उपसलं. मोबाईलचं पण तेच, तो तुझ्याच हातात. आमच्याकडं दुधाचे खाडे आणि सिलेंडर कधी लावला ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितोच, त्याच चौकोनात मी पेन्सिलनं एक काम लिहिते, एका दिवसाला एकच. जमलं नाही तर खोडून पुढच्या तारखेला. फक्त शनिवारचा कोरडा दिवस पुढं ढकलायचा नाही, बॅरल, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रीजच्या मागचा ट्रे सगळं ओतून घासून कोरडं. डेंग्यूच्या डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्याच्या आत झालंच पाहिजे, आणि नुसतं पाणी ओतून उपयोग नाही, अंडी कडेला चिकटून राहतात.

गावभागातला_एक:
आमची लिस्ट तारखेवर नाही, नदीवर चालते 😅 २०१९ ला घरात पाणी आलं तेव्हापासून कपाटाच्या आतल्या दारावर कागद चिकटवलाय. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटाच्या इशाऱ्याला आलं की खालचे कप्पे रिकामे, कागदपत्रं आणि गाद्या वर, ४५ च्या धोक्याची वाट बघायची नाही. आणि पाणी उतरायला लागलं की गाळ ओला असतानाच खराट्यानं बाहेर काढायचा, वाळला की फरशीला असा धरतो की खरवडत बसावं लागतं. कुणी काय करायचं ते नावासकट लिहिलंय, त्यावेळी भांडायला वेळ नसतो. विषयाला सोडून झालं असेल तर माफी.

कृष्णाकाठची_सून:
नाही ओ, नावाचा मुद्दा एकदम पटला. ४३ च्या ४३ डिलीट केली. आज कॅलेंडरवर लिहिलं "हॉलचा पंखा, उशीची खोळ" आणि पुढं पोराचं नाव, तर कटकट करत का होईना पण स्टूल घेऊन चढला, खोळ काढली तर आत बोटभर काळी लोकर! संध्याकाळी बघते तर उद्याच्या चौकोनात सासूबाईंच्या अक्षरात लिहिलेलं, "समई, निरांजन. चिंच भिजत घालणे." आणि पुढं नाव माझं.