घराचे नूतनीकरण: एका महिन्याचे काम नेमके कुठे लांबले?

माळ्यावरची
काल माळा आवरताना गोणपाटात गुंडाळलेल्या तीन फरश्या हाती लागल्या. त्यांच्या पाठीवर पेन्सिलने 'लॉट वेगळा, लावू नये' असे लिहिलेले होते आणि ते वाचताच पुण्यातील जुन्या सदनिकेचे २०१९ सालचे काम डोळ्यांपुढे उभे राहिले. कंत्राटदाराने स्वयंपाकघर व न्हाणीघरासाठी ३० दिवस मागितले होते. जुनी लादी उखडल्यावर खालचा बिडाचा पाइप गंजून चाळणी झालेला निघाला, म्हणून प्लंबर वाढला. वॉटरप्रूफिंगनंतर न्हाणीघरात ४८ तास पाणी भरून ठेवले, तर खालच्या काकूंच्या छताला ओल आली. ते सारे पुन्हा करावे लागले. तोवर लादीवाला दुसऱ्या साइटवर गेला होता. तो परतला तेव्हा ११ फरश्या कमी पडल्या. दुकानातून त्याच नावाच्या आणल्या, परंतु भट्टीच्या प्रत्येक खेपेत रंगछटा किंचित बदलते, आणि दुपारच्या उन्हात त्या पिवळट दिसू लागल्या. खोक्यावर लॉटचा क्रमांक छापलेला असतो, हे तेव्हा कळले. आपले काम कशापायी अडले, ते अवश्य लिहावे.

चिरेबंदी
आमचे घर राजापूर तालुक्यात आहे. पावसात जांभ्याच्या खाणी पाण्याने भरतात, त्यामुळे चिरा मे महिन्याच्या आत उतरवून घ्यावा लागतो. आम्ही मात्र संपूर्ण एप्रिल पडवी वाढवावी की नाही, यावर भावाभावांत चर्चा करण्यात घालवला. त्यातच नवी मंगलोरी कौले जुन्यांच्या खाचेत बसेनात, कारण साचा निराळा होता. अखेर गावातील पडक्या घराची कौले मागून आणली. गणपती ठरल्या दिवशीच आले आणि त्या वर्षी ताडपत्रीखाली बसले.

निवृत्त स्थापत्य अभियंता
कंत्राटदार प्रत्येक कामाचे दिवस सांगतो, दोन कामांमधली वाट पाहणे त्यात धरत नाही. काँक्रीटला साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि फ्लाय अ‍ॅश मिसळलेल्या सिमेंटसाठी १० दिवस पाणी मारावे, असे आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगते. गिलावा पुरता वाळण्याआधी पुट्टी ओढली की पोपडे निघतात. ओट्याचा ग्रॅनाइट बसल्याखेरीज ट्रॉल्यांचे अचूक माप मिळत नाही, आणि माप दिल्यावर त्या घडवण्यात आणखी काही आठवडे जातात. या साखळीत मालकाने मध्येच नळाची जागा बदलली, तर भिंत पुन्हा फोडावी लागते. माझ्या पाहण्यात विलंबाचे हे कारण सर्वाधिक असून ते कबूल करणारा मालक अद्याप भेटलेला नाही.

सदाफुली
वरील शेवटच्या वाक्यावर माझा गुन्हा कबूल! शिवाय आमच्या सोसायटीत ठोकाठोकी ९ ते ६ एवढीच चालते, त्यातही २ ते ४ बंद आणि रविवारी पूर्ण बंद. राजस्थानचे सुतार दिवाळीला गावी गेले. रंगारी बिहारचे असल्याने दिवाळीनंतर सहा दिवसांनी येणारी छठपूजा उरकूनच परतले. त्यांनी सप्टेंबरमध्येच तारखा सांगितल्या होत्या, मीच त्या लिहून ठेवल्या नव्हत्या.

वाचनमात्र
आमचा आज ६१ वा दिवस असून शयनगृहात इंडक्शनवर कुकर लावून, भांडी न्हाणीघरात घासत हे लिहीत आहे. प्लंबर सकाळी येणार होता.

माळ्यावरची
@निवृत्त स्थापत्य अभियंता, नळ मीही दोनदा हलवला होता. वर लिहिताना तेवढे राहून गेले.

वाचनमात्र
प्लंबर आला, परंतु सिंकखालचा कोपर-जोड दुकानातच विसरल्याने तो आणण्यासाठी पुन्हा गेला आहे. पिशवी मात्र इथे ठेवून गेला, म्हणून आशा आहे.