ऋणनिर्देशात न मावलेलं : पीएचडीचे अनुभव

अर्धविराम

परवा कपाट आवरताना माझा प्रबंध हाती लागला. काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. प्रबंध कुणीही उघडला तरी आधी ऋणनिर्देश वाचतो, मीही तोच वाचला. दीड पान. मार्गदर्शकांचं 'मोलाचं मार्गदर्शन', ग्रंथालयाचं 'तत्पर सहकार्य', सासूबाईंचा 'भक्कम पाठिंबा'. सगळं खरं आहे, तरी त्यात माझी सहा वर्षं कुठेच नाहीत.

खरे आभार मानायला हवे होते ते आप्पा बळवंत चौकाजवळच्या डीटीपीवाल्याचे. माझा विषय ग्रामीण कथा. पहिली दोन प्रकरणं मी जुन्या सवयीने श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये, टाइप करून घेतलेली, बाकीची युनिकोडमध्ये. प्रबंध सादर करायच्या आठवड्यात कळलं की वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला श्रीलिपी वाचताच येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य दहा टक्क्यांच्या आत लागतं. माझ्या त्या दोन प्रकरणांचं निघालं शून्य. मैत्रीण म्हणाली, गप्प बस, बरंच झालं. पण ग्रंथालयाने फाइल परत पाठवली. मग कन्व्हर्टर. त्यातून बाहेर आली तेव्हा 'धर्म'चं 'धमर्' झालेलं, 'कार्य'चं 'कायर्', आणि 'श्र' दिसेल तिथे चौकोन. एकशेचाळीस पानं! तो माणूस शटर अर्धं खाली ओढून रात्री साडेअकरापर्यंत माझ्याबरोबर बसला आणि एकेक रफार उचलून जागेवर ठेवत राहिला. पैसे टायपिंगचेच घेतले.

तर असं जे ऋणनिर्देशात मावलं नाही, ते इथे लिहा. पीएचडी झालेल्यांनी, करत असलेल्यांनी, घरच्यांनीसुद्धा. 'कष्टाचं चीज झालं' वगैरे नको. विद्यापीठाचं आणि गाइडचं नाव टाळा, बऱ्याच जणांचं सर्टिफिकेट अजून हातात यायचंय.

उणे ऐंशी

जीवरसायनशास्त्र, पाचवं वर्ष. माझ्या टोपणनावाची गोष्ट आधी सांगतो.

आमच्याकडे उणे ८० अंशांचा एक फ्रीझर आहे. त्यात माझे उंदरांच्या यकृताचे नमुने होते, अडीच वर्षांचे. दिवाळीच्या सुट्टीत वीज गेली, जनरेटर सुरू झाला, पण आमच्या मजल्याची लाइन त्यावर आली नाही. अलार्म वाजला असणार. रिकाम्या इमारतीत तो ऐकणार कोण? मी भाऊबीज करून परतलो तेव्हा डिस्प्लेवर उणे ४ दिसत होतं. मला ते आधी उणे ८४ वाटलं, इतकी डोळ्यांना सवय. दार उघडलं तर खालच्या ट्रेमध्ये पाणी. नळ्यांवर मार्करने लिहिलेले नंबर ओघळून एकमेकांत मिसळले होते. एक नळी पुसायला गेलो तर उरलेला आकडाही बोटाला आला.

सरांना फोन केला. ते आले, बघितलं, काही बोलले नाहीत. कँटीन बंद होतं म्हणून बाहेरच्या टपरीवर नेऊन चहा पाजला. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

पैशांचं म्हणाल तर जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर फेलोशिप, २०२३ च्या जानेवारीपासून महिना ३७ हजार झाली, सीनिअरांची एसआरएफ ४२ हजार. ऐकायला झकास. माझे पहिले पैसे सात महिन्यांनी एकदम आले. तोवर मेसचं बिल धाकटा भाऊ भरायचा. तो डिप्लोमा करून चाकणला लागलाय. पैसे पाठवताना कधी काही लिहायचा नाही. एकदाच लिहिलं होतं, 'साबण घे.'

२०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं आयात शुल्क १० टक्क्यांचं थेट १५० टक्के झालं. लगेच मागेही घेतलं, पण मधल्या दिवसांत पुरवठादार कोटेशनच देईनात. घरी हे समजावून सांगायला गेलो. आई म्हणाली, "मग दुसऱ्या दुकानातून घे."

तासिका

मराठवाडा, अर्थशास्त्र, तासिका तत्त्वावर अकरावं वर्ष. माझी सेट, म्हणजे प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा, २०१३ सालची.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत आलं की १ जुलै २०२१ पासून विद्यापीठ विभागात सहायक प्राध्यापक व्हायचं तर पीएचडी पाहिजेच. म्हटलं, चला. नोंदणी केली. पुढे ती मुदत २०२३ वर गेली. मग २०२३ च्या जुलैत ठरलं की नेट-सेट पुरे. म्हणजे जे माझ्याकडे दहा वर्षांपासून होतं तेच! तोवर माझं कोर्सवर्क झालं होतं, फी भरून झाली होती, दोन प्रकरणं लिहून झाली होती. आता सोडायची तरी कशी?

दर सहा महिन्यांनी प्रगती अहवालावर सही लागते. माझ्या गावाहून विद्यापीठ १७० किलोमीटर. पहाटेची एसटी, दुपारी बाराला पोहोचायचं, शिपाई सांगणार, "सर नॅकला गेलेत," म्हणजे कुठल्यातरी कॉलेजच्या मूल्यांकनाला. त्या दिवशीच्या तासिका बुडाल्या म्हणजे त्यांचे पैसेही बुडाले. एका सहीसाठी तीन फेऱ्या हा माझा विक्रम. सरांच्या घरच्या लग्नात मी पंगतीत जिलेबी वाढली आहे. सांगितलं कुणी नव्हतं. पण बाकी सगळे विद्यार्थी वाढत होते, मी एकटाच पाटावर कसा बसणार?

लेखांचं तर विचारूच नका. 'दीड हजार भरा, सात दिवसांत छापू' असे मेल रोज यायचे. मी ठरवलं, छापीन तर यूजीसीच्या केअर यादीतल्या, म्हणजे मान्यताप्राप्त, नियतकालिकातच. दोन वर्षं थांबलो. लेख छापून आला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत यादीच बंद झाली. सोबतच्याने सात दिवसांतला मार्ग धरला होता. तो आता मला 'अजून चालूच आहे का?' विचारतो.

मेणबत्ती

तासिकाराव, दंडवत. विधिमंडळाच्या २०२३ च्या नागपूर अधिवेशनात 'पीएचडी करून काय दिवे लावणार' हे वाक्य गाजलं, त्या आठवड्यात आमची फेलोशिप थकलेली आणि हॉस्टेलची लाइट गेलेली. रूममेटने मेणबत्ती पेटवली आणि म्हणाला, "हा घ्या, एक लावला." एवढंच. माझी फेलोशिप नंतर आली, त्याची नाही आली. तो आता स्पर्धा परीक्षेचे क्लास घेतो.

पाडा

मी नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात काम केलं. विषय होता हंगामी स्थलांतर आणि मुलींची शाळा. आता हसू नका, स्थलांतरावर संशोधन करणाऱ्या या बाईने सर्वेक्षण ठेवलं जानेवारीत. १२० घरांची यादी केली, नमुना कसा निवडला त्याची दोन पानं लिहिली, रॅकने, म्हणजे विद्यापीठाच्या संशोधन सल्लागार समितीने, मंजूर केलं. पहिल्या पाड्यावर चढून गेले तर एकोणीस घरांपैकी अकरांच्या दाराशी काटेरी फांदी आडवी लावलेली. माणसं दिवाळीनंतरच गुजरातेत ऊसतोडीला गेली होती. ज्या कारणासाठी मी त्यांना शोधत होते त्याच कारणाने ती घरी नव्हती. आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही, गाइडच्या नाही, रॅकमधल्या एकाच्याही नाही!

एका म्हातारीने पावरीत, म्हणजे तिथल्या बोलीत, काहीतरी सांगितलं. त्यातलं मला 'होळी' एवढंच कळलं, पण तेवढं पुरलं. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, त्याला सगळे परत येतात. मग मी धडगावात खोली घेतली आणि दोन महिने भाषा शिकत बसले. माझी शिक्षिका सहावीतली, फी रोज एक बिस्किटपुडा. अहवालात या दोन महिन्यांचं काय लिहायचं, हा मोठाच प्रश्न पडला. 'पूर्वचाचणी' लिहिलं.

होळीनंतरच्या मुलाखतींत एका बाईने उलट मलाच विचारायला सुरुवात केली. घरकुलाच्या यादीत नाव येईल? नाही. रेशनकार्डाचं काही? नाही. मग हे लिहून होणार काय? मी खरं ते सांगितलं की मला पदवी मिळेल. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लिही. तुझं तरी होऊ दे." तिने पुढची चाळीस मिनिटं सगळी उत्तरं दिली. हे प्रबंधात आलं नाही. कुठल्या तक्त्यात बसवणार?

रुमाल

'पाडा'चं वाचून दोन मिनिटं थांबले.

माझं काम पुण्यात, पेशवे दफ्तरात. इथे रुमाल म्हणजे मोडी कागदांचं कापडात बांधलेलं गाठोडं. तसे हजारो आहेत. गाठ सोडली की आधी धूळ, मग शिंका, मग अक्षरं. तीन महिन्यांत कामाचा एकच कागद मिळाला, त्याचाही खालचा कोपरा वाळवीने नेलेला.

नोंदणी झाली तेव्हा मुलगी पाच महिन्यांची होती. नियमात प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा आहे, हे मला मुलगी तीन वर्षांची झाल्यावर एका ज्युनिअरने सांगितलं. स्त्रियांना मुदतही दोन वर्षं जास्त मिळते. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही अर्जच केला नाहीत." मुलींनो, नियमावली स्वतः वाचा. पंचवीसेक पानं आहेत, आपण याहून वाईट गद्य वाचतो.

मिस्टर

पीएचडी बायकोने केली. मी फक्त व्हायव्हाचा, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेचा, नाश्ता केला. बाहेरचे परीक्षक, विभागातले लोक, आगंतुक मिळून चाळीस प्लेट: इडली, साबुदाणा वडा, गुलाबजाम. हा खर्च उमेदवाराने का करायचा हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. खुल्या व्हायव्हात मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाने लांबलचक प्रश्न विचारला. बायको घामाघूम. नंतर कळलं की ते शेजारच्या विभागातून नाश्त्याला आले होते, प्रश्न विचारल्याशिवाय खाणं त्यांना बरं दिसेना.

चि. डॉ.

भौतिकशास्त्र, जर्मनी. इथे पीएचडी ही नोकरी असते: करार, पगार, पेन्शनची कपात, वर्षाला तीस सुट्ट्या. माझ्या कागदावर ७५ टक्के नोकरी, काम किती ते विचारू नका. गाइडला इथे म्हणतात 'डॉक्टरफाटर', म्हणजे डॉक्टर-बाप. सख्ख्या बापाला हे आवडलेलं नाही.

मार्चमध्ये डिफेन्स, म्हणजे इथला व्हायव्हा, झाला. रिवाजाप्रमाणे लॅबमधल्या पोरांनी पुठ्ठ्याची उंच टोपी करून डोक्यावर चढवली. फोटो घरच्या ग्रुपवर गेला आणि आईने त्याच आठवड्यात लग्नाच्या पत्रिका छापायला टाकल्या: 'चि. डॉ.' आता इथला नियम असा की प्रबंध रीतसर प्रकाशित होऊन प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत 'डॉ.' लावता येत नाही. नसलेली पदवी लावणं फौजदारी गुन्हा आहे. घाबरून आईला फोन केला. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अरे, पण पत्रिका सांगलीत वाटायच्यात."

पूर्वाश्रमीचा

धागा फक्त पूर्ण केलेल्यांचा असेल तर हे उडवा.

मी सोडली. चार वर्षं दोन महिने झाल्यावर. भांडण नाही, अन्याय नाही, सांगण्यासारखं कारणच नाही. रोज लॅपटॉप उघडायचो, तिसऱ्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद वाचायचो, एक स्वल्पविराम काढायचो, दुसऱ्या दिवशी तोच परत घालायचो. असे सात महिने गेले. शेवटी विभागात जायची वाट बदलली, कारण नेहमीच्या वाटेवर भेटणारा झेरॉक्सवाला 'कुठपर्यंत आलं?' विचारायचा. झोप गेली तेव्हा बहिणीने डॉक्टरकडे नेलं, खऱ्या डॉक्टरकडे. सहा महिने गोळ्या घेतल्या.

बँकेची परीक्षा दिली, लागलो. गेल्या वर्षी खोली सोडताना सगळ्या प्रिंटा रद्दीत घातल्या. रद्दीवाला तराजू ठेवून म्हणाला, "स्पायरल काढून द्या साहेब, प्लास्टिकचं वजन धरत नाही." मग आम्ही दोघं जिन्यात बसून एकेक स्पायरल उलटी फिरवत काढत होतो. पंधरा-सोळा असतील. अकरा किलो भरलं.

अर्धविराम

पूर्वाश्रमीचा, उडवत नाही. धागा तुमचाही आहे.

घाईत

सगळं नंतर वाचते, सॉरी. सोमवारी प्रबंध सादर करायचाय, माझीही तीन प्रकरणं श्रीलिपीत आहेत आणि आत्ताच 'वर्ष'चं 'वषर्' झालंय. तो डीटीपीवाला अजून आहे का?

अर्धविराम

आहे. दुकान हलवलंय, नंबर मेसेज करते. पीडीएफ नेऊ नकोस, मूळ फाइल ने. आणि जेवून जा.