प्रतिसाद: शातोनफ-द्यु-पाप आणि पोप

‘शातोनफ-द्यु-पाप’ म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं एक गाव आणि तिथली त्याच नावाची वाइन; शब्दशः ‘पोपचा नवा किल्ला’. वर एका वाचकानं म्हटलंय की हे नाव खुद्द पोपनीच दिलं. थोडी भर घालतो. पोपची गादी १३०९ मध्ये फ्रान्सच्या आव्हिन्योंकडे आली हे खरं. पुढे पोप बाविसाव्या जॉननं जवळच्याच या गावात किल्ला बांधवला, द्राक्षमळ्यांनाही हात दिला. पण गावाचं नाव होतं शातोनफ-काल्सर्निये, तिथल्या चुन्याच्या भट्ट्यांवरून पडलेलं. पोप नावात अधिकृतपणे शिरले ते थेट १८९३ साली! भक्ती कमी, धंदा जास्त, असं आपलं माझं मत. बाटलीच्या काचेतच उठवलेला पोपचा मुकुट आणि चाव्या तर १९३७ पासूनच्या.

वाइनचं खरं श्रेय जमिनीला. काही मळ्यांत माती दिसतच नाही, नुसते बटाट्याएवढे गुळगुळीत गोटे. दिवसभर तापतात, रात्री वेलींना ऊब देत बसतात. ग्रेनाश हे तिथलं मुख्य द्राक्ष अशा उन्हात मस्त पिकतं, म्हणून ही वाइन भारदस्त आणि चढायलाही जोरदार. (जरा बेतानंच घ्या.)

आणि हो, १९५४ मध्ये तिथल्या महापौरांनी उडत्या तबकड्यांना गावात उतरायला बंदी घालणारा हुकूम काढला होता. उतरलीच तर जप्त! गावाची फुकटात जाहिरात झाली, ती वेगळीच.